विळीवर जाण्याआधीचा पाबदा

(बालीगंज, १९५३. सकाळ. टेबलावर ताटलीत एक पाबदा मासा, शेजारी पाण्याचा पेला, कागद आणि शाळकरी रंगपेटी. नवरा-बायको समोरासमोर.)

दिगंबर : आणि नाही काढलं मी याचं चित्र तर?

कालिंदी : तर आज शेगडी पेटणार नाही. शैला शाळेतून भुकेली येईल, तिला तुम्हीच सांगा.

दिगंबर : पोरीला उपाशी ठेवशील?

कालिंदी : मी कशाला ठेवीन? मासा तुमच्यापुढे आहे. तुम्ही काढलात की मी विळी घेते.

दिगंबर : अगं, उजवा हात लुळा पडल्यापासून रोज पट्टी घेऊन बसतोय मी. डाव्या हातानं एक रेघ सरळ येत नाही.

कालिंदी : आणि रोज कागद फाडता. केर मीच काढते, मला ठाऊक आहे. या माशात सरळ रेघ कुठे आहे ती दाखवा.

दिगंबर : आयुष्यभर नकाशे काढले मी. नदीचं वळण कधी चुकलं नाही. आणि आता पोरीच्या रंगपेटीतून मासे? डॉक्टरांनी सांगितलं का हे?

कालिंदी : डॉक्टर एवढंच म्हणाले, हात चालता ठेवा. माशाची कल्पना माझी. आज बाजारात तुमच्या कचेरीतल्या शरच्चंद्रांची बायको भेटली. म्हणाली, तुम्ही दुर्गापूजा झाली की कायमचे मालवणला निघालात म्हणे.

दिगंबर : ...सांगणार होतो तुला.

कालिंदी : केव्हा? हावड्याला गाडीत बसल्यावर?

दिगंबर : माझ्या खुर्चीवर दुसरा ड्राफ्ट्समन आलाय, कालिंदी. शरच्चंद्र काल तेच सांगायला आला होता. मग मीही सांगून टाकलं. दादा म्हणतोच आहे, घर मोठं आहे, तुम्ही तिघं जड नाही.

कालिंदी : जड होण्याचा प्रश्न नाही हो! तुम्ही तिथं पडवीत बसणार. येणारा-जाणारा विचारणार, काय दिगू, बरं वाटतंय ना? आणि तुम्ही मान हलवणार. जन्मभर. ते मला बघायचं नाही. शैलाची शाळा इथं आहे. शिवण मी घेईन. घर चालेल.

दिगंबर : आणि मी मासे काढू.

कालिंदी : काहीही काढा, पण फाडू नका. आणि लवकर. तो बघा, निस्तेज होत चालला. टोपलीत होता तेव्हा सोन्यासारखा दिसत होता.

दिगंबर : सोनेरी नाही तो. नीट बघ. पिवळ्याच्या खाली हिरवट झाक आहे.

कालिंदी : मला कुठलं एवढं दिसायला!

दिगंबर : पेला इकडे सरकव. कागद धर, हलतोय.

कालिंदी : धरलाय.

दिगंबर : ...गेलं! पाठ फुगली. बेडूक झाला नुसता. सोड कागद.

कालिंदी : नाही सोडणार.

दिगंबर : कालिंदी, सोड म्हणतो ना!

कालिंदी : फाडायचा असेल तर माझ्या हातातून ओढून घ्या. हा घ्या दुसरा. मासा उलटा करते, ही बाजू अजून ओली आहे.

दिगंबर : हट्टी आहेस.

कालिंदी : आहे.

दिगंबर : आधी नुसतं पाणी लावतो. आता रंग एकदाच टेकवायचा... बघ, आपोआप पसरतोय. मी फक्त वाट दाखवली.

कालिंदी : पोट राहिलं.

दिगंबर : राहिलं नाही, ठेवलं. तिथं कागदाचाच पांढरा हवा. बोलू नकोस, वाळायच्या आत पाठीवर काळपट द्यायचाय... हं. आता मिशा.

कालिंदी : हात कापतोय तुमचा.

दिगंबर : कापू दे. मिशांना चालतं.

कालिंदी : ...अहो, पाबदाच आहे हा!

दिगंबर : शेपटी चुकली.

कालिंदी : मला नाही दिसत चूक.

दिगंबर : मला दिसते ना. दोन पाती असतात तिला, मी एकच थापली. घाईत झालं. आणि त्याचाही रंग तोवर उडाला होता. बाजारात जिवंत मासे मिळतात का?

कालिंदी : कोई जातीचे मिळतात, हंड्यात पाणी घालून ठेवतात. पण ते घटकाभर स्वस्थ राहत नाहीत.

दिगंबर : मग आणखी भरभर काढावं लागेल. उद्या एक आण.

कालिंदी : मी नाही आणणार. तुम्हाला कुठला हवा ते मला काय कळणार? तुम्ही चला.

दिगंबर : दोन जिने आहेत, कालिंदी. आजारी पडल्यापासून मी उंबरा ओलांडलेला नाही.

कालिंदी : एकेक पायरी उतरू. घाई कोणाला आहे?

दिगंबर : ...आणि दादा?

कालिंदी : त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

दिगंबर : येत नाही म्हणून कळवतो.

कालिंदी : बरं. आता घेऊ का मासा विळीवर?

दिगंबर : घे. पण आधी माझी काठी दे. पहिला जिना आजच उतरून बघतो.