कानात जिन

हा हात घे, सलीमाबी, हा. तो नको — तो खांबाले धरून हाये. सोडला तर घर फिरते, अन् घरासोबत तुही बांगड्याची टोपली. अन् जरा इकडून बस, उजवीकडून. डाव्या कानानं मले ऐकू येत नाही, तिथं जिन चालू हाये — काऊन वं, तोंडाले पदर काऊन लावला? कापसाची जिन म्हणून राह्यली मी. शेगावले टेसनाजवळ चालते ना दिवसभर, घर्रर्र घर्रर्र, तशी. तुमचा जिन नाही, बाप्पा. तो असता तर निदान घरातलं एखादं काम तरी करून गेला असता.

बरी झाली होती मी. तूच पाह्यलं ना, दिवाळीत आली तवा मी अंगणात सडा टाकून राह्यली होती — हाव ना? महाराष्ट्र झाला त्या साली लागलं हे दुखणं. शाळेत पेढे वाटून राह्यले, अन् मी घरात ओकून राह्यली. आमच्या सासूबाई अशा खूष — म्हणे, दिवस गेले. चाळिशीच्या पुढं, वं! साऱ्या आळीतून चिंचा गोळा केल्या बिचारीनं. बाळ काही येईना, तवा अकोल्याच्या डाक्टरनं सांगितलं, कानाच्या आतमधी पाणी वाढते, मीठ कमी करा. केलं कमी. आळणी वरण, आळणी भाकर — ढोरायले तरी कोणी मीठ चाटवते. पण फरक पडला. औंदाचा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, एक चक्कर नाही. मंग काय, मी हुरळली. शेगावले महाराजाच्या पाया पडून आली, पाच सवाष्णी जेवू घातल्या, ज्याले त्याले सांगितलं — गेलं वं माय माहं दुखणं. जसं काही मीच त्याले सासरी धाडलं.

अन् मंगळवारी आलं माघारी. गहू निवडून राह्यली होती. आधी गहू फिरले, मंग सूप, मंग मी. पालथी पडली अन् जमीन घट्ट धरून ठेवली — जमिनीवर पडलेली बाई, अन् पडायले भेते, पाह्य. ह्यायले सांगितलं नाही अजून. सांगू कोणत्या तोंडानं? पहिल्यांदा पडलं तर लोक धावतेत. बरी झाली म्हणून जेवण घालून पुन्हा पडलं तर म्हणतेत, आता काय हिचं. हे तसं म्हणायचे नाहीत, खोटं काऊन बोलू. हे फक्त उठतील, अन् माही खाट पुन्हा त्या कोपऱ्यात नेऊन टाकतील, जुन्या जागी. तेच पाहवत नाही मले.

अन् सोमवारी जामोदचे सोयरे येतेत, माह्या अन्नपूर्णाले कुंकू लावायले. विहीण मोठी चौकस. मी आपली इथंच बसून राहीन, खांबाले टेकून. म्हणू दे तिले, विहीणबाई मानी हाये, उठलीसुद्धा नाही. मानी म्हटलं तर चालन. मायले चक्कर येते म्हटलं की पोरीकडे पाह्यतेत. अन् पोरीले काही नाही, वं. ठणठणीत हाये. परवा हंडा आणतानी भिंतीले हात लावला तिनं, तो उपासानं. एकादस होती. अन् म्हणते कधी कधी दुपारची, आई, शिटी वाजून राह्यली का कुठी — असन मोटरीची. गावात मोटर येते ना —

काय पाहून राह्यली अशी? हाव, सकाळचीच येते. दुपारी नसते. माहीत हाये मले.

थांब. तिले नको बोलावू आता. तिच्या बांगड्या मंग भर. तू इथून कुठी चालली? — जामोदले? कोणाच्या घरी? —

त्या सोयऱ्यायच्याच.

पाह्य, सलीमाबी, मी गमतीनं बोलत असते. सारं गाव जाणते, ही बाई गमतीची हाये. मले काही झालं नाही. अन् पोरीचं तर मी काही बोललीच नाही. बोलली का? — बोलली नाही.

बस झाल्या एवढ्या. टोपली तुही तूच उचलून घे डोक्यावर, मी हात लावायले उठत नाही. जा. ऊन चढून राह्यलं.