सतरावा सोमवार

—नाही हो, ते सोळा सोमवार मी स्वतःसाठी नव्हते धरले. आमोदसाठीही नाही म्हणा — त्याच्या त्या दुरुस्तीसाठी. बसा ना केदार, डबा ठेवा तिथेच. अगंबाई, साखर घालून आणलात? रिकामा डबा परत करू नये हे वारज्याकडे अजून पाळतात म्हणजे. तोच ना हा, उद्यापनाच्या चुरम्याचा, तुमच्या वॉचमनकडे ठेवून आले होते मी?

तर, सोमवार. आमोद बँकेतून आला की चहा घेऊन बसायचा तुमच्या त्या ब्राउझरच्या कामाला. मी विचारलं होतं, पगार किती? तर म्हणाला, आई, हा जगभरच्या लोकांनी मिळून बनवलाय, केदारदादांसारख्या काहींना पगार असतो, बाकी आम्ही असेच. ह्यांचं आपलं सुरू — "पगार नाही, रजा नाही, साहेब तेवढा आहे." पण मला पटलं हो ते, देवळात कुणी न सांगता झाडून जातात ना, तसं. आणि दुरुस्ती कशाची, तर ज्यांना दिसत नाही त्यांना फॉर्ममधल्या कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते ऐकू यावं याची. चारशे ओळी. पाच महिने पडून — कारण तुम्ही तपासून होय म्हटल्याशिवाय ती आत जात नाही. तुम्हाला बोल नाही लावत, तुमच्यापुढे अशा शेकड्याने असणार. पण पोरगं रोज उघडून बघायचं. म्हणून महादेवाला म्हटलं, उद्यापनाच्या आत एवढं होऊ दे.

सोळावा सोमवार झाला, काही नाही. मग मी — हे त्याला माहीत नव्हतं — त्याच्या वहीतून तुमचा नंबर घेतला. आठवतंय? शनिवार दुपार. "परवा उद्यापन आहे, त्याआधी तेवढं बघा ना." तुम्ही म्हणालात, "काकू, बघतो." आणि सोमवारी मी चुरमा कालवत होते तर हा नाचत आला स्वयंपाकघरात. मला वाटलं, देव पावला. कसला पावला! मी त्याच्यावर सोडलं कुठे होतं? फोन केला ना.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दोन दिवसांत मागे घ्यावी लागली ती दुरुस्ती, तोवर कितीतरी जणांचे फॉर्म मुके झाले. ती येरवड्याची शर्मिला — दिसत नाही तिला, परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख — वर्ष गेलं तिचं. आमोदला पत्र लिहिलं तिने, एक शब्द वाकडा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तेच वाचत बसायचा. तिकडे ब्राउझरवाल्या तुम्हा सगळ्यांसमोर लिहिलं, चूक माझी. आणि मला म्हणाला, "दादांनी नऊ मिनिटांत पास केली, आई. केवढा विश्वास त्यांचा, आणि मी—" विश्वास! तेव्हाच बोलायला हवं होतं मी. पदराला हात पुसत उभी राहिले नुसती.

मग चतुर्थीला त्या खोलीची कडी आतून लागली. शेजारच्यांनी दार फोडलं, म्हणून तो आज आहे. बारा दिवस दवाखान्यात. घरी आल्यापासून तीन आठवडे तोंडातून शब्द नाही.

घ्या, चहा गार होतोय. एक विचारू? वाचली होतीत तुम्ही ती दुरुस्ती? — सगळी? — राहू द्या, कळलं.

रागावत नाहीये हो मी, कुठल्या तोंडाने रागावू? एका आईला नाही म्हणवलं नाही तुम्हाला, एवढंच. चूक त्याची होती, नव्हती असं नाही म्हणत — पण ती सापडावी म्हणूनच ना तुमच्यात दुसऱ्याने तपासायची रीत? ते दुसरे डोळे मी मिटायला लावले, आणि तो बसलाय एकटाच सगळं उचलून.

आज सकाळी देवापुढे दिवा लावला, आणि मागितलं काही नाही — जन्मात पहिल्यांदा. आत गेले, त्याला फोनचं सगळं सांगितलं. भिंतीकडे केलेलं तोंड वळवलं त्याने. मग म्हणाला — बोलला हो! — म्हणाला, "मग दादांनी वाचलीच नव्हती?" मी म्हटलं, ते मला नाही सांगता येणार, बोलावलंय मी त्यांना, येतायत आज.

नाही, नंतर नको. तिकडे सगळ्यांसमोर काय लिहायचं ते मग बघा, आधी त्याला सांगा. माझं बोलून झालंय, आता तुम्ही तेवढं करा. उठा. दार नुसतं ढकला — कडी काढून टाकलीय आम्ही.