मांजराचे सोमवार-गुरुवार

मांजरांना वार कळतात, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. इथे आखातात, अरादला मी एकटाच राहतो. थंडीत एसी बंद झाला की घरात आवाज उरतो तो माझ्या मांजराचा. पण सोमवारी आणि गुरुवारी माझ्याकडे मासे होत नाहीत. त्या दिवशी मांजर शेजारी राहणाऱ्या वसईच्या फिलोमिनाकडे मुक्कामाला जातं आणि मी वरणभात जेवतो.

परवा फिलोमिना म्हणाली, "काका, दोन बांगडे तळा आणि घेऊन जा तुमचं मांजर."

"माझ्या बायकोचा नियम आहे. ती गेली म्हणून मोडायचा का?"

"ती आता कुठे बघायला येतेय?"

मी म्हटलं, "अगं, ती बघायला असती तर मला मांजर कशाला लागलं असतं?"