सरकारी सूट आणि चालू इंजिन

...आणि वर मलाच म्हणतात, सरकार देतंय ना, मग घ्या की! अहो, घ्या की काय घ्या की? जो भेटेल त्याचं तेच. न्हावी माझी मान खाली दाबून म्हणतो, सरकार देतंय, घ्या की. सासरे फोनवर म्हणतात, 'जावईबापू, सरकार देतंय, घ्या की.' म्हणजे काय, तर जुनी गाडी मोडीत द्यायची आणि नव्या गाडीवर सरकारची घसघशीत सूट घ्यायची. अट एकच, जुनी गाडी चालत आली पाहिजे, ढकलत आणलेली चालत नाही.

आता आमची गाडी... तुम्हाला सांगतो, एकदा बंद पडली की चार माणसं गोळा केल्याशिवाय चालू व्हायचं नाव घेत नाही. आणि गाडी कुणाला लागते, तर बायकोला. नर्स आहे ती, घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, आणि ही बया तिला हटकून निम्म्या वाटेत सोडते. शेवटी तिच्या मॅडम म्हणाल्या, 'पुढच्या महिन्यापासून धड गाडी नसेल तर ऑफिसात बसून फोन घ्या.' रडली हो त्या दिवशी. तिचे एक पेशंट आजोबा आहेत, पायाची जखम दुसऱ्या कुणाला बघूही देत नाहीत. मला म्हणाली, 'त्यांचं कोण करणार?' मग मात्र मी उठलोच.

गेलो शोरूमला गाडी घेऊन. एक टायवाला धावत आला, 'या सर, बसा सर, चहा की कॉफी सर?' काचेतून आमची गाडी बघितली आणि असा हसला, असा हसला की मला वाटलं पूर्वजन्मीची ओळख. सूट वजा करून किंमत सांगितली, मी खूश. घरी येऊन सांगतो तर मेव्हणा म्हणे, 'भावोजी, मीही गेलो होतो परवा, बसनं. मला हीच किंमत सांगितली.' अरे, तुझ्याकडे कुठाय जुनी गाडी? 'नाहीच. शोरूमची खास सवलत म्हणाला, फक्त तुमच्यासाठी.' आलं का लक्षात? मला सरकारची सूट दाखवली आणि स्वतःची सवलत गुपचूप गिळली! सरकार देतंय म्हणे, घ्या की... अहो, घेतोय तो टायवाला, मी नुसता चहा घेऊन आलो.

मी म्हटलं सोडून द्या. बायको म्हणाली, 'मी जाते. मला कुठे ओळखतो तो? तुम्ही गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबा. आणि इंजिन बंद करायचं नाही.'

झालं. ती आत एसीत, मी कोपऱ्यावर धुरात. फोन चालू ठेवलेला, म्हणून सगळं ऐकू येतंय. 'मॅडम, ही किंमत फक्त तुमच्यासाठी.' बायको म्हणते, 'महाग आहे, जाते मी.' 'अहो बसा मॅडम, मॅनेजरना विचारतो.' किंमत उतरतेय, आणि इकडे पेट्रोलचा काटाही उतरतोय. मी मनात म्हणतोय, बाई, हो म्हण आता. तर ही म्हणते, 'सीटकव्हर कुठल्या रंगात आहेत?' काटा तळाला टेकला, गाडीला उचक्या लागल्या, मागून एक आजी काठी आपटून म्हणतायत, 'बंद करा हो ते, खोकला येतोय.' आजी, बंद केली तर संसार बंद पडेल माझा...

तेवढ्यात फोनमधून मॅनेजरचा आवाज, 'ठीक आहे मॅडम, पक्कं. ही घ्या सही.' आणि बायको अगदी गोड आवाजात, 'आता आमची जुनी गाडी आणते हं, सरकारची सूट वेगळी.'

काय घुसलो म्हणता मी फाटकातून! खडखडत, धूर सोडत, थेट काचेसमोर. टायवाल्यानं मला ओळखलं. 'सर... तुम्ही?' बायको म्हणाली, 'आमचे मिस्टर.' 'पण मॅडम, दोन्ही सवलती एकत्र...' ती म्हणाली, 'सरकार देतंय ना? मग द्या की.' मॅनेजरनं स्वतः येऊन इंजिन तपासलं, 'चालू आहे' म्हणून शेरा मारला, पेन खिशात ठेवलं, आणि गाडीनं मान टाकली. कायमची. पण शेरा मारून झाला होता.

आता आजोबांची जखम भरत आलीये, आणि नवी गाडी बायकोला कुठेही वाटेत सोडत नाही. तेव्हा सरकारी सूट परवडते का म्हणाल, तर परवडते, फक्त घासाघीस करायला आमची बायको पाहिजे. आणि हे अख्ख्या बिल्डिंगला कळलंय. दर रविवारी कुणासाठी तरी गिऱ्हाइक बनून ती एका नव्या शोरूममध्ये चहा पिते. आणि मी? मी कोपऱ्यावर, लोकांच्या मोडक्या गाड्या चालू ठेवून बसलेला असतो. सवय आहे म्हणे मला.