धडधाकट माणसं

हाताला प्लास्टर घातलेले आजोबा एक्स-रेसाठी थांबले होते. मागच्या बाकावर, सकाळी पाहणीचे प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आलेली मुलगी आपल्या मावशीशी बोलत होती.

"नोकरीचा पहिलाच आठवडा, आणि तोंड एवढंसं?"

"कॅन्सरचे पेशंट बोलतात गं. धडधाकट माणसंच हाकलून देतात."

"मग त्यांना छळतेस कशाला?"

"पेशंट सांगतो, जन्मभर चुलीच्या धुरात बसलो. पण आजार नसलेलेही तेवढेच बसले असतील, तर दोष धुराला कसा द्यायचा?"

"मग मला विचार. मी ठणठणीत आहे."

"घरचं माणूस चालत नाही."

"सकाळी कोण खेकसलं तुझ्यावर?"

"होते एक आजोबा. 'मला काय धाड भरलीय? त्या आजाराचं नाव काढू नकोस,' म्हणाले."

"अशांना पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

"दाखवणार. आपणहून बोलतात त्यांनाच विचारलं, तर उत्तर लंगडं पडतं. दिसले की एकदा पुन्हा विचारणार. फार तर ओरडतील."

आजोबांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मागे वळून पाहिलं.

"ये, बस इथे. चुलीपाशी मी कधी बसलो नाही. बायको बसायची. विचार आता, काय विचारायचंय ते."