वाटून घेतलेल्या गोळ्या

गावचे सन्माननीय अध्यक्ष विर्हिलिओ तोआपांता, व्यासपीठावरचे आमचे पाद्री आन्सेल्मो, सत्कारमूर्ती दंतवैद्य डॉक्टर मारित्सा, आणि स्वयंपाकाच्या वासाकडे कान लावून बसलेल्या गावकऱ्यांनो,

बाई ग्वायाकिलच्या, समुद्रकाठच्या. नव्या डॉक्टरांना सक्तीचं असलेलं खेड्यातलं एक वर्ष भरायला आमच्या अँडीजच्या डोंगरात आल्या. ते वर्ष आता संपलं. आम्ही त्यांना किती सहकार्य केलं, हे कुणीतरी सांगायलाच हवं.

माझी अक्कलदाढ सुजली, तेव्हा मी आधी अर्थातच अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी गरम विटेचा शेक सांगितला. गाल दुप्पट झाला. मग बाईंकडे. त्यांनी हिरडीखालची घाण धुतली, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "सूज उतरू दे, मग दाढ काढू."

"उपटता येत नाही, म्हणून धूत बसते!" असं बाहेर कोण म्हणालं, ते मी सांगणार नाही. अध्यक्षांचा मान राखायला हवा.

गोळ्या घरी नेल्या. आता घरात आलेलं एकट्यानं खाणारा आपल्यात आहे का कुणी? बहीण रोसाउराचा दात, मेव्हण्याचा गुडघा, शेजारणीचं डोकं. सगळ्यांना वाटल्या. मला चार उरल्या. पुण्य लागलं असं वाटून शांत झोपलो.

पाचव्या दिवशी गावच्या संतांच्या मूर्तीची मिरवणूक, आणि ट्रम्पेट वाजवणारा मी. मला ताप, गळा सुजलेला, तोंडात बोट शिरेना. अध्यक्ष म्हणाले, "ट्रम्पेट फुंकायला दाढ कशाला लागते रे?" खरंच, कशाला?

बाई वाजंत्र्यांत घुसल्या. माझा गळा चाचपला. "गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या ना, आम्ही सगळ्यांनी."

बाईंनी संतांची फुलांनी सजवलेली गाडीच रिकामी करायला लावली. अध्यक्ष ओरडले, "अहो, संतांना रस्त्यावर उतरवता?"

"ते थांबतील. याला थांबता येणार नाही."

त्याच गाडीतून मला शहरात नेलं. तिथले सर्जन म्हणाले, संध्याकाळपर्यंत श्वासच बंद झाला असता.

मग आम्ही कृतज्ञता कशी दाखवली? संतांच्या अपमानाबद्दल बाईंवर तक्रारअर्ज, एकशे बारा सह्या. आज टाळ्याही त्याच हातांच्या. मी रोज पहाटे संतांसमोर मेणबत्ती लावतो. त्यांची काही तक्रार दिसली नाही.

सोमवारपासून बाईंची दवाखान्याची खोली बंद. नवीन डॉक्टर कधी? अध्यक्षांनी विटा तयार ठेवल्या असतीलच.

बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत. पण तोंड आता तीन बोटं उघडतं. भाषण लांबलं असेल तर तो दोष तुमच्या उपचाराचा. वावगं काही बोललो असेन, तर ते मात्र माझं. सर्वांनी पोटात घालावं.