बाहेरच्या बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या तक्रार अधिकारी मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आज मला बोलायला का उभं केलंय, हे मला अजून उमगलेलं नाही. मी शिवणकाम करते. काही वर्षांपूर्वी मी याच मनोरुग्णालयात दाखल होते.

एका सकाळी सिस्टरांनी माझे केस कापले. उवा झाल्या म्हणून, न विचारता. कंबरेपर्यंतचे केस हो! मी तक्रार केली. त्याच भरात हेही सांगितलं, की चहातून मला गुपचूप औषध देतात. पूर्वी तक्रार वॉर्डातल्याच डॉक्टरांकडे जायची आणि ‘आजाराचं लक्षण’ म्हणून तिथेच मिटायची. पण नवा कायदा आला होता, तक्रारी ऐकायला वेगळा अधिकारी नेमायचा. चौकशीला या मॅडम आल्या. रुग्णालयाशी त्यांचा काही संबंध नव्हता, म्हणून आम्ही त्यांना ‘बाहेरच्या बाई’ म्हणायचो.

त्यांनी सगळ्यांना विचारलं, चहा तपासून घेतला. मग माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, “ताई, चहात काही नाही. पण तुम्हाला न विचारता केस कापले, हे चूकच झालं.”

मी भडकले. “म्हणजे मी खरी की खोटी? एक काय ते सांगा ना!”

“एक गोष्ट खरी निघाली, एक नाही निघाली. म्हणून तुम्ही खोट्या होत नाही.”

आता अशा बाईंचे आभार मानायचे, की त्यांच्याशी भांडायचं? घरी माझं एक चुकलं, की बाकीचं सगळं वेडेपणात जमा व्हायचं. आमचे हे मागे बसलेत, विचारा त्यांना.

सिस्टरांनी माझी माफी मागितली. मागताना त्याच रडल्या आणि त्यांची समजूत मला घालावी लागली. हे उलटं कसं झालं, कोण जाणे! पण तेव्हापासून वॉर्डात आधी विचारतात, मगच कात्री उचलतात. मी मात्र अजूनही चहा हुंगून पिते. मॅडमवर पूर्ण विश्वास आहे. तरी हुंगते.

मघाशी दारात ऐकलं, की मॅडमच्या जागी आता रुग्णालयाचेच उपअधीक्षक काम पाहणार. खरं का हो, अध्यक्ष महोदय? साहेब सज्जन आहेत, प्रश्नच नाही. पण उद्या त्यांच्याविरुद्धच तक्रार आली, तर ते स्वतःलाच बोलावून जाब विचारणार का?

अध्यक्ष मान हलवताहेत. हो म्हणून, की नाही म्हणून, मला कळत नाहीये.

असो. मॅडम, तुम्ही माझं ऐकलंत, आणि सगळंच खरं मानलं नाहीत, दोन्हींसाठी आभार. बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल, तर सर्वांनी सांभाळून घ्यावं. प्रश्न मात्र मी मागे घेत नाही.